नोंदीत नसलेला बंधारा

नागपूरला लागून असलेल्या बेसाच्या मागच्या अंगानं जे पाणी वाहतं त्याला नकाशात नदी म्हणतात, सरकारी कागदात नाला म्हणतात आणि बिल्डरच्या जाहिरातीत लेक म्हणतात. पाणी एकच.

लेक होण्याचं श्रेय एका बंधाऱ्याला द्यावं लागेल. तीसेक वर्षांपूर्वी कोणीतरी नदीच्या पात्रात कमरेएवढी सिमेंटची भिंत घातली. तेव्हा आजूबाजूला शेतं होती, ओलितासाठी घातली असेल. पुढं शेतांचे प्लॉट पडले, प्लॉटांवर इमारती आल्या, भिंत मात्र जिथल्या तिथं. तिच्या मागं पाणी तुंबलं, त्यात नव्या वस्त्यांचं सांडपाणी येऊन मिळालं, वर जलपर्णी पसरली, आणि एवढी हिरवळ पाहून एका बिल्डरच्या मनात निसर्गप्रेम दाटून आलं. त्यानं काठावर दोन इमारती उभ्या केल्या आणि नाव दिलं ‘लेकव्ह्यू रेसिडेन्सी’. बाल्कनीतून लेक खरंच दिसत असे. वासही येत असे, पण जाहिरातीत फक्त दिसण्याबद्दल लिहिलं होतं. तेव्हा फसवणूक झाली असं कोणाला म्हणता येत नाही.

या लेकच्या काठी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी एक बाई स्कूटीवरून येत. गुडघ्यापर्यंत गमबूट घालत, पाण्यात उतरत, छोटं जाळं टाकत, जे निघेल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतत, मोजत, वहीत लिहीत आणि परत पाण्यात सोडून देत. या दामिनी गजभिये. मूळच्या कामठीच्या. वडील पॉवरलूमवर कामाला होते आणि सुटीच्या दिवशी लेकीला कन्हानच्या पात्रात मासे दाखवायला नेत. मुलगी पुढं प्राणिशास्त्रात पीएचडी झाली आणि तासिका तत्त्वावर एका कॉलेजात शिकवू लागली. म्हणजे दरवर्षी जूनमध्ये तिची गरज संपे आणि जुलैत पुन्हा निर्माण होई.

तीन वर्षं दामिनीबाई मोजत होत्या आणि तीन वर्षं वहीत तीनच नावं येत होती. तिलापिया, बंदी असलेला परदेशी मांगूर, आणि डासांच्या अळ्या खायला म्हणून सोडलेली गप्पी. गप्पी भरपूर होती. डासही भरपूर होते. दोघांनी आपसात काही समझोता केला असावा.

“ओ मॅडम!” लेकव्ह्यूच्या पहिल्या मजल्यावरून आवाज आला. सोसायटीचे अध्यक्ष वामनराव ठवकर चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभे होते. वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते सकाळी सात वाजता अध्यक्ष होत आणि रात्री दहापर्यंत राहत. “एवढे मासे मोजून काय करून राहिल्या तुम्ही? खायचे तरी घेऊन जा.”

“हे खाऊ नका काका,” दामिनीबाई खालून म्हणाल्या. “हा बंधारा काढला तर चांगले मासे येतील.”

वामनरावांचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. “काढला तर? मग तलावाचं काय होईल?”

“तलाव राहणार नाही. नदी होईल.”

“नदी?” असं म्हणताना त्यांचा चेहरा एखाद्याच्या घरात शौचालय नाही हे कळल्यासारखा झाला. “मॅडम, मी लेकव्ह्यूत फ्लॅट घेतला आहे. नाल्याच्या व्ह्यूत नाही.”

पुढच्याच रविवारी सोसायटीच्या गेटवर फलक लागला, ‘तलाव वाचवा, पर्यावरण वाचवा’. फलकावर कमळं होती आणि हंसांची एक जोडी होती. दोन्ही इंटरनेटवरून आणली होती.

बंधाऱ्यापासून वीस पावलांवर जुन्या गावठाणात प्रयागबाई राहत. जातीनं ढिवर. सासरा, नवरा, दीर, सगळ्यांनी याच नदीत जाळी टाकली होती. आता नवरा नव्हता, मुलगा एका मॉलमध्ये गार्ड होता आणि प्रयागबाई बेसाच्या चौकात टोपली घेऊन मासे विकत. आंध्रातून बर्फात येणारे मासे. नदीकाठची ढिवरीण, आणि तिच्या टोपलीतला मासा मात्र रेल्वेनं राज्य ओलांडून यायचा. यालाच प्रगती म्हणत असतील तर ती बेसात पोचली होती.

“माह्या लग्नाच्या वक्ती,” प्रयागबाई काठावर बसून दामिनीबाईंना सांगत, “अठी रेती होती वं पोरी. पानी असं पातळ. पाय टाकला का मासोळ्या तळव्याले चावत. आषाढात खालून चढून येत. मरळ, शिंगी, झिंगे. अन ते रेतीतली, पट्ट्यापट्ट्याची, बोटाएवढी. पोट्टे पकडत न्‌ सोडून देत.”

“आता काहून येत नाहीत, मावशी?”

“येतीन कशा? भीत हाये न मधात. मासोळीले का लिफ्ट हाये?”

दामिनीबाईंनी चार पानी शोधनिबंधात जे लिहिलं होतं, ते हेच होतं. त्यात फक्त लिफ्ट नव्हती.

त्यांनी निबंध अर्जाला जोडला आणि नदीनाल्यांचं काम पाहणाऱ्या एका कार्यालयात नेऊन दिला. तिथं धर्मेंद्र साहेब नावाचे उपअभियंता होते. माणूस सज्जन, कामात गळ्यापर्यंत बुडालेला, आणि कोणतंही काम न करता कसं संपवायचं याचा अठरा वर्षांचा अनुभव असलेला. त्यांनी अर्ज वाचला, मागच्या कपाटातून जाड रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि दुःखानं मान हलवली.

“मॅडम, तुमचा बंधारा आमच्याकडे नाही.”

“म्हणजे?”

“नोंदच नाही. हा पाहा नाला. इथून इथपर्यंत सरळ. मध्ये काही नाही.”

“साहेब, मी आत्ता त्याच्यावर उभी राहून आली.”

“उभं राहता येते. मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण नोंद नाही.”

“मग तर सोपं आहे. पाडून टाका. जे नाही ते पाडलं म्हणून कोण विचारणार?”

धर्मेंद्र साहेबांनी चष्मा काढला. असा प्रश्न विचारणारी माणसं त्यांना मनापासून आवडत, फक्त ती दुसऱ्या कार्यालयात गेलेली आवडत. “मॅडम, पाडल्यावर अहवाल लागते. काय पाडलं? बंधारा. कोणता बंधारा? अमुक क्रमांकाचा. क्रमांक आणू कुठून? आधी नोंद करावी लागेल. नोंद करायची तर तो कोणी बांधला ते दाखवावं लागेल. आणि बांधणाऱ्याचा पत्ता लागला तर त्याची चौकशी लावावी लागेल. तो बिचारा आता असेल की नाही, काय माहीत.”

दामिनीबाई वर्षभरात पाचदा गेल्या. पाचही वेळा त्यांना चहा मिळाला. चहा चांगला असे.

मग पुढचा जुलै आला. एका मंगळवारी पहाटेपासून पाऊस लागला आणि दुपारपर्यंत थांबलाच नाही. वरच्या सगळ्या वस्त्यांचं पाणी नदीत उतरलं. नदीला जायचं होतं खाली, पण मध्ये नोंदीत नसलेली भिंत होती आणि भिंतीशी जलपर्णीचा, प्लास्टिकचा आणि एका जुन्या सोफ्याचा बूच बसला होता. पाण्यानं डावीकडं पाहिलं, तिथं गावठाण उंचावर. उजवीकडं पाहिलं, तिथं लेकव्ह्यूचं तळघरातलं पार्किंग. पाणी कुठं गेलं ते सांगायला नको.

संध्याकाळी पाणी थोडं उतरलं तेव्हा वामनराव बॅटरी घेऊन पार्किंगच्या पायऱ्या उतरले. त्यांची नवी कोरी पांढरी गाडी काचेपर्यंत बुडालेली होती. बॅटरीच्या उजेडात त्यांना दिसलं, की स्टिअरिंगमागं कोणीतरी हलतंय. हातभर लांब, काळाकुट्ट, मिशाळ मांगूर होता. दार घाईत उघडं राहिलं असणार. तो शांतपणे पुढच्या सीटवरून मागच्या सीटवर गेला, वळला आणि पुन्हा पुढं आला. चांगल्या ड्रायव्हरसारखा.

वामनरावांचं तलावावरचं प्रेम त्या क्षणी उडालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरचा फलक उतरला आणि दोन दिवसांत नवा लागला, ‘बंधारा हटवा, नदी वाचवा’. हंस तेच होते. काटकसर करायची सवय वीज खात्यातली.

“मॅडम,” त्यांनी दामिनीबाईंना फोन केला, “मी पहिल्यापासूनच म्हणत होतो.”

“काय म्हणत होते काका?”

“की हे मांगूर लई डेंजर प्रकरण आहे. चला, आपण सोबत जाऊ तुमच्या त्या साहेबाकडं.”

दामिनीबाईंना हसू आलं आणि रागही आला. इतक्या वर्षांच्या वहीनं जे झालं नाही ते एका मांगुरानं गाडीत बसून केलं होतं. तरी त्या गेल्या.

लेकव्ह्यूत एकशे चार मतदार होते. तेव्हा धर्मेंद्र साहेबांना या खेपेला रजिस्टर काढावंच लागलं नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “बंधारा पाडता येत नाही. पण नाल्यातला मलबा उचलता येते. पावसाळ्याआधीची नालेसफाई. सिमेंटचा मलबा, एक नग.”

“तो मलबा वीस फूट लांब आहे,” दामिनीबाई म्हणाल्या.

“मोठा मलबा,” साहेबांनी दुरुस्ती केली.

फेब्रुवारीच्या शेवटी, पाणी सगळ्यात कमी असताना, जेसीबी आला. दामिनीबाईंनी लेखी सांगितलं होतं, की एका दिवसात पाडू नका. मागं तीस वर्षांचा गाळ आहे, थोडं थोडं उघडा, पाणी हळूहळू सोडा, नाहीतर खालचं सगळं मरेल. कागद फाइलला लागला. जेसीबीवाल्याला फाइल दिलेली नव्हती. त्याला संध्याकाळी पारशिवनीला दुसरं काम होतं. त्यानं दोन तासांत भिंत उखडली, तुकडे ट्रकमध्ये भरले आणि निघून गेला.

मग लेक वाहून गेला. आधी काळं पाणी, मग काळा चिखल, आणि त्या चिखलासोबत असा वास, की लेकव्ह्यूच्या लोकांना आपला आधीचा वास अत्तर वाटला. दुसऱ्या दिवशी खालच्या दीड किलोमीटरपर्यंत तिलापिया पांढरी पोटं वर करून पडलेल्या होत्या. शेकडो. चिखलानं पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकला होता. कावळे, घारी, कुत्री, सगळ्यांचा सण झाला. तिसऱ्या दिवशी परिसरातल्या एका यूट्यूब चॅनेलवर बातमी आली, ‘तलावाचा खून! जबाबदार कोण?’ आणि खाली गमबुटातल्या दामिनीबाईंचा फोटो.

वामनरावांनी तातडीनं खुलासा केला, की सोसायटीची मागणी फक्त मलबा उचलण्याची होती.

दामिनीबाई त्या रविवारी काठावर आल्या तेव्हा जिथं लेक होता तिथं भेगाळलेला, करडा चिखल होता आणि मधून हातभर रुंदीचं पाणी वाकडंतिकडं वाहत होतं. चपला, बाटल्या, गणपतीच्या मूर्तीचा हात. त्यांनी जाळं टाकलं. ट्रेमध्ये काहीच आलं नाही. पुन्हा टाकलं. काहीच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वहीत शून्य लिहावं लागलं. त्या काठावरच्या दगडावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. निबंधात त्यांनी लिहिलं होतं, ‘प्रारंभिक काळात काही प्रमाणात मृत्यू संभवतो.’ काही प्रमाण म्हणजे काय, ते आता त्यांच्या नाकाला कळत होतं.

प्रयागबाई टोपली घेऊन चौकाकडं निघाल्या होत्या. त्या थांबल्या.

“काहून वं, अशी काहून बसली?”

“मावशी, मीच मारलं हे सगळं.”

“तू? जेसीबी तू चालवला का?” प्रयागबाईंनी टोपली खाली ठेवली. “आन मेलं काय? ते परदेशी. ते तं कोनी आनून टाकले होते. नदीचं पोट साफ होऊन राहिलं. पोट साफ व्हाले लागलं का मानूस चार दिवस उठत नाही. तुले शिकवलं नाही का कालेजात?”

“नदी उठेल का पण?”

“मले का मालूम? मी का नदी हाव?” प्रयागबाईंनी टोपली डोक्यावर घेतली. “पाहू न. इथंच तं हावो आपन.”

दामिनीबाई येत राहिल्या. मार्च, एप्रिल, मे. उन्हाळ्यात नागपुरात माणसं घराबाहेर पडत नाहीत, त्या गमबूट घालून पडत. कॉलेजात सहकारी विचारत, “अजून शून्यच का?” विचारण्यात सहानुभूती असे, आणि थोडं समाधानही असे.

मे महिन्यात शून्य नव्हतं. मासे नव्हते, पण बारीक धारेनं स्वतःचा रस्ता शोधला होता आणि धुऊन धुऊन खालचे गोटे उघडे केले होते. एक गोटा उलटला तर त्याच्या पोटाला चतुर किड्याच्या दोन अळ्या चिकटलेल्या. उथळ पाण्यावर निवळ्या नावाचे लांब पायांचे किडे धावत होते. पूर्वी चिखलात नुसत्या लाल अळ्या वळवळत, ज्यांना हवा नसली तरी चालतं. आता ज्यांना हवा लागते ते आले होते. दामिनीबाईंनी तो गोटा हातात धरून इतका वेळ पाहिला, की वरून वामनरावांनी विचारलं, “सोनं सापडलं का मॅडम?”

पावसाळा आला. या वेळी पार्किंगमध्ये पाणी शिरलं नाही. नदी भरली, फुगली, तुंबलेला सगळा चिखल घेऊन गेली आणि मागं पिवळी रेती टाकून गेली. ऑगस्टच्या रविवारी दामिनीबाईंच्या ट्रेमध्ये मरळीची सहा पिलं होती. आणि झिंगे. आणि बोटाएवढी, अंगावर काळे पट्टे असलेली एक मासोळी, जी ट्रेच्या कोपऱ्यात जाऊन रेती शोधत होती. वर्षाअखेर वहीत नऊ नावं झाली. तिलापिया अजून होती, पण मोजकी. वाहतं पाणी तिला मानवत नव्हतं. मांगूर एकही नाही.

यानंतर जे व्हायचं ते सगळं झालं. कार्यालयानं ‘नदी पुनरुज्जीवनाचा यशस्वी प्रयोग’ असा लेख छापून आणला. त्यात मलबा हा शब्द नव्हता. लेकव्ह्यूचं नाव ‘रिव्हरव्ह्यू’ झालं आणि वामनरावांनी पाहुण्यांना बाल्कनीतून नदी दाखवायला सुरुवात केली. सांडपाणी पूर्वीसारखंच येत होतं, त्यावर कोणी लेख छापला नाही. कॉलेजनं जूनमध्ये दामिनीबाईंची गरज संपवली आणि जुलैत पुन्हा निर्माण केली.

त्याच जुलैत प्रयागबाईंचा फोन आला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दामिनीबाईंना फोन केला होता, त्यामुळे ओरडूनच बोलत होत्या. “पोरी, ये! चढून राहिले! मासे चढून राहिले!”

दामिनीबाई पोचल्या तेव्हा रिमझिम होती. नदी गढूळ, गुडघ्याएवढी. जिथं भिंत होती तिथून मासे वर सरकत होते. पाणी कापत, पाठी दाखवत, एकामागून एक. प्रयागबाई काठानं पुढं पुढं चालल्या होत्या, त्यांच्यामागं दामिनीबाई, आणि छत्री घेऊन वामनराव, कारण अध्यक्षांना न कळवता मासे चढणं त्यांना मंजूर नव्हतं.

सहाशे मीटर वर गेल्यावर तिघंही थांबले. मासेही थांबले होते. समोर दुसरा बंधारा होता. मांडीएवढा, जुना, दगडी. मासे उड्या मारत होते, भिंतीवर आपटत होते, खाली पडत होते, पुन्हा उडत होते.

दामिनीबाईंना हा बंधारा माहीत होता. त्यांनी त्याचाही अर्ज केला होता. याची नोंद होती, क्रमांकही होता. पण नोंद असलेली मालमत्ता अशी कशी पाडणार, असं उत्तर आलं होतं.

“आता?” वामनरावांनी विचारलं.

“आता काय,” प्रयागबाईंनी लुगड्याचा काष्टा आवळला. “भाऊ, ते बकेट पाहा तिकडं, ओट्यावर. आना.”

वामनरावांनी आजूबाजूला पाहिलं. भाऊ म्हणजे आपणच, हे लक्षात आल्यावर त्यांनी छत्री मिटली आणि बकेट आणली. प्रयागबाई जाळं भरून मासे उचलत, दामिनीबाई बकेट धरत, नाव सांगत, आणि वामनराव ती भरलेली बकेट भिंतीवर चढवून पलीकडं ओतत. पहिल्या दोन बकेटांना त्यांनी तोंड वाकडं केलं. चौथीला ते म्हणाले, “सावकाश, सावकाश, हा मोठा आहे, याले लागेल.” सातवीला त्यांचा पाय शेवाळावर घसरला आणि अध्यक्ष पॅन्टसकट धपकन पाण्यात बसले. बकेट मात्र त्यांनी उंच धरली होती.

“काका! लागलं का? उठा, हात द्या.”

वामनराव उठले नाहीत. चेहऱ्यावर काहीतरी विचित्र हसू होतं.

“थांबा हो मॅडम,” ते हळूच म्हणाले, “कोणीतरी पायाले चावून राहिलं.”